कानबाईला विचारलेला प्रश्न

त्या श्रावणाच्या आधीची दीड-दोन वर्षे मी देवापुढे दिवा लावत होते, पण देवापुढे बसत नव्हते. वात पेटवायची, हात जोडायचे आणि लगेच उठायचे. बसले की मनात एकच शंका येई. ज्या तोंडाने मी दिवसभर घरच्यांना आणि शाळेतल्या मुलींना वाटेल ते बोलते, त्याच तोंडाने घेतलेले नाव देवाला चालत असेल का? रागावलेल्या मनात देव थांबत नाही, असे लहानपणापासून ऐकत आले होते. मग माझ्या मनात आता कोण वस्तीला आले आहे, हे मला कळत नव्हते आणि कळून घेण्याचे धैर्यही होत नव्हते.

मी शिक्षिका आहे. शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यात आम्ही राहतो. जवळच्याच एका माध्यमिक शाळेत मी गणित आणि विज्ञान शिकवते. आवाज न चढवता वर्ग शांत ठेवणारी बाई अशी माझी ओळख होती आणि त्या ओळखीचा मला थोडा अभिमानही होता. वयाची सत्तेचाळिशी आली तशी पाळीची शिस्त बिघडली. कधी दोन-तीन महिने काहीच नसे, कधी पंधरवड्यातच पुन्हा सुरू होई. पहाटे जाग येई तेव्हा मानेखालची उशी ओली असे. हे सारे वयाचे आहे, इतके मला ठाऊक होते. ही प्रकरणे मी मुलींना शिकवत आले आहे. पण त्या धड्यात रागाबद्दल एक ओळही नव्हती, त्यामुळे राग हा माझ्या स्वभावाचा दोष आहे, असेच मी धरून चालले.

त्या रागाची रीत नीट सांगायला हवी, कारण ही ओळ वाचणाऱ्या एखाद्या भगिनीला ती ओळखीची वाटेल. पूर्वी मला राग येई तेव्हा आधी कारण घडे आणि मग राग येई. आता राग आधी येई आणि कारण शोधत घरभर फिरे. छातीच्या मध्यावर काहीतरी पेटे, ते मानेवरून कानांपर्यंत चढे, आणि समोर जे कोणी असेल ते दोषी ठरे. एकदा आठवीच्या वर्गात एका मुलीची कंपासपेटी खाली पडली. त्या आवाजाने मी इतकी ओरडले की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. ती मुलगी पेटी उचलायलाही वाकली नाही. घरी माझे यजमान मुळातच कमी बोलणारे, ते माझी पावले वाजली की टीव्हीचा आवाज आपणहून कमी करू लागले. मुलगा नाशिकला शिकतो. त्याला फोनवर ते म्हणताना मी ऐकले, “आज हवामान बरं आहे, बोलून घे आईशी.” दोघेही हसले असावेत. मी दाराआडच उभी राहिले. हसण्यासारखेच होते ते, पण मला हसू आले नाही. मी उपवास वाढवले, जपाच्या माळा वाढवल्या. उपाशीपोटी राग आणखीच लवकर येई. तेव्हा माझी भक्तीही खोटी आहे, अशी माझी खात्री पटली.

अशा मनःस्थितीत कानबाईचा सण आला. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, मंगळसूत्र घालून कलशावर देवी मांडतात, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला नदीवर पोचवतात. या सणाचे रोट म्हणजे गव्हाच्या जाड पुऱ्या. त्या फक्त भाऊबंदांनी मिळून खायच्या, बाहेर द्यायच्या नाहीत. त्यासाठीचा गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ असा घेतात, आणि दळताना, रोट करताना साऱ्या सुना एकत्र लागतात. आमची कानबाई रनाळ्याला, सासरच्या मूळ घरी बसते. तिथे माझे दीर शेती पाहतात. त्यांची पत्नी रंजना ही माझी धाकटी जाऊ. तिच्या लग्नापासून आम्ही दोघींनी हे रोट जोडीने केले आहेत. रंजनाला मूल झाले नाही. नवस झाले, दवाखाने झाले, आणि मग त्याबद्दल घरात कोणी बोलेनासे झाले. आमच्या घरच्या मुठी दोन, माझ्या यजमानांची आणि मुलाची. तिच्या घरची एक.

त्या शनिवारी ओसरीत सुपे पसरून आम्ही गहू निवडत होतो. कानबाईच्या कामात विटाळ चालत नाही, आणि आदल्या वर्षी मला ऐन अंगणात अचानक सुरू झाले होते. हे लक्षात ठेवून रंजना माझ्याजवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, “ताई, तब्येत बरी शे ना? यंदा काही अडचन तं नही?”

तिने हळूच विचारले होते, तरी पलीकडच्या चुलत जावेने ऐकले. ती खळखळून हसली. “आते कसानी अडचन वं! आते तं ताई रिटायर व्हतीन!”

साऱ्याजणी हसल्या. एरवी मीही हसले असते. पण छातीतले ते पेटले, कानांपर्यंत गेले, आणि जी थट्टा करत होती तिला सोडून मी रंजनावर उलटले. घरी मी प्रमाण भाषा बोलते, शाळेची सवय आहे. त्या क्षणी मात्र मला अहिराणीच सुचली, कारण घाव तिच्यातच नेमका बसणार होता. मी म्हणाले, “मन्ही अडचन तू नको मोजू. तू तुन्हा घरनी मूठ मोज. एकच तं शे, ती तरी नीट मोज.”

रंजनाने सुपातले गहू परत पोत्यात ओतले, सूप भिंतीला उभे केले आणि मागच्या खोलीत निघून गेली. तिने दार लावले नाही, आपटलेही नाही. मला ते उघडे दार दिसत राहिले. माझा राग आला तसाच उतरून गेला होता, आणि जिथे तो होता तिथे आता नुसती पोकळी होती. दीर संध्याकाळी शेतातून आले. त्यांनी आवाज चढवला नाही, माझ्याकडे पाहिलेही नाही. देव्हाऱ्याकडे पाहत म्हणाले, “वहिनी, औंदानी कानबाई तुम्ही करी ल्या. पुढला वरीसले आमनी न्यारी बसाडसूत.”

आमच्या घरातल्या सर्वांत थोरल्या बाई, यजमानांच्या काकू, यांना आम्ही जिजी म्हणतो. त्या कोपऱ्यातून म्हणाल्या, “कानबाई काय वाटानी वस्तू शे का रे?” दिरांच्या बोलण्याचा अर्थ सगळ्यांना समजत होता. कानबाई वेगळी बसली की रोट वेगळे, रोट वेगळे की भाऊ वेगळे. शेताचे तुकडे न होता जे घर इतकी वर्षे एक राहिले, ते माझ्या एका वाक्याने तुटणार होते. मी मागच्या खोलीच्या दाराशी दोनदा गेले. आत रंजना भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला माफ कर, असे म्हणायला जीभ वळली, पण लगेच वाटले, उद्या पुन्हा असेच बोलणार नाही याची खात्री मी कोणत्या तोंडाने देऊ?

रविवारी कानबाई बसली. मी नथ घातली, हळदीकुंकू लावले. त्या मोठ्या काढलेल्या डोळ्यांना डोळा मात्र भिडवू शकले नाही. रंजना रोटांना आली नाही, आरतीलाही आली नाही. त्या दिवशी प्रथमच मी पाटापुढे बसून राहिले. क्षमा मागितली नाही, मागण्याची लाज वाटली. एवढेच म्हणाले, “आई, हे माझ्यात काय आहे ते मला सांग. मग हवे तर शिक्षा कर.” समयांचा उजेड तिच्या नथीवर हलत राहिला.

सोमवारी सकाळी कानबाई उठवायची वेळ झाली. अंगणात ढोल-ताशा सुरू झाला, गल्लीतल्या बाया जमल्या, काही फुगड्या घालू लागल्या. देवीला पोचवायला न येणे घरच्या सुनेला शक्यच नव्हते, म्हणून रंजनाही आली होती. ती पदर डोक्यावर घेऊन अगदी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. देवीचे पाय धुवायचा पाण्याचा तांब्या तिच्याच हातात होता. मी पाटाजवळ होते. ऊद पेटला होता, माणसांची दाटी होती, ढोल जवळ आला. आणि ते पुन्हा सुरू झाले. या वेळी समोर राग धरावा असे कोणीच नव्हते, तरी छातीतून आग वर आली. कपाळावरून, पाठीवरून घाम वाहू लागला. हात थरथरू लागले. दात आवळले गेले. मी खांब धरला. किंकाळी फोडावीशी वाटत होती आणि ती मी दातांत धरून ठेवली होती.

चुलत जाऊ ओरडली, “आंगमा उनी! ताईना आंगमा कानबाई उनी!”

आमच्याकडे या वेळी एखादीच्या अंगात देवी येते, हे नवे नाही. त्यामुळे कोणालाच संशय आला नाही. ढोलाची लय वाढली. कोणी माझे केस मोकळे केले, कोणी कपाळभर कुंकू भरले, बाया पाया पडू लागल्या. मला ओरडून सांगायचे होते की ही देवी नव्हे, मी आहे. पण तोंड उघडले तर त्यातून काय बाहेर पडेल याची भीती वाटत होती. देवीच्या नावावर मी फसवणूक करते आहे असे वाटून आणखी घाम फुटला. इतक्यात जिजी पुढे आल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या वर्षभर खाली बसत नाहीत. त्या माझ्यापुढे जमिनीवर बसल्या, माझ्या पावलांवर हात ठेवला आणि अंगात आलेल्या देवीला रीतीने जे विचारतात ते त्यांनी विचारले.

“माय, काय चुकनं आमनं? काय जोयजे तुले?”

काय हवे तुला? तो प्रश्न देवीला होता, हे मला त्या क्षणीही पक्के माहीत होते. पण दीड-दोन वर्षांत तो कोणी मला विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता. तुला काय झाले आहे, तू अशी का वागतेस, हे मी रोज स्वतःला दरडावून विचारत होते. काय हवे, हे कधीच नाही. दातांमधली किंकाळी विरघळली आणि तिच्या जागी फार साधे शब्द आले. मी म्हणाले, “पानी.” मग म्हणाले, “मन्हं आंग जळस. माले झोप येत नही.” आणि रडू लागले.

ढोल थांबला. बाया गोंधळल्या. मागून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणाले, “देवीले झोप कसाले जोयजे वं?” कुणीतरी तिला गप्प केले.

तेवढ्यात दाराजवळून गर्दी हलली. रंजना बायांना बाजूला सारत येत होती. “सरका. वारा येऊ द्या. देवी नही शे, ताई शेतस त्या. सरका ना!” तिने माझी मान पुढे वाकवली आणि हातातला तांब्या माझ्या मानेवर ओतला. जिजी दचकून म्हणाल्या, “अवं, ते देवीना पायस्नं पानी!” रंजना म्हणाली, “तिले दुसरं भरी लयसू, जिजी. तिले घाई नही शे.” तिने आपल्या पदराचे टोक ओले करून माझ्या मनगटांवर गुंडाळले आणि मला ओट्यावर, वाऱ्याच्या तोंडाला बसवले. मग माझ्या जवळ वाकून, मला एकटीलाच ऐकू येईल असे बोलली, “मन्ही मायले असंच व्हये. मानवर वलं फडकं ठेवू आम्ही. बठ्ठास्नी तिले येडी ठरायी. ती तसीच गयी.”

सगळ्यांनी वेडी ठरवलेल्या तिच्या आईबद्दल ऐकताच मी तिचा हात धरला. शनिवारी जे मी बोलले, असे म्हणू लागले. तिने हात सोडवून घेतला नाही, पण नकारार्थी मान हलवली. “माले लागनं, ताई. भू लागनं. ते मी इसरनार नही.” ती उठली, तांब्या विसळून पुन्हा भरून आणला आणि देवीचे पाय धुतले. मग कानबाईचा पाट उचलायला जिजींनी दोघींना हाक मारली, नेहमीप्रमाणे. एक बाजू तिने धरली, दुसरी मी. नदीपर्यंतच्या वाटेवर आम्ही एकमेकींशी एक शब्दही बोललो नाही. पाट मात्र एकदाही कलला नाही. परत आल्यावर पंगत बसली. रंजनाने ताटात रोट घेतला, एक तुकडा मोडून खाल्ला आणि उरलेला दिरांच्या ताटात ठेवला. वेगळ्या कानबाईबद्दल त्या दिवशी कोणी काही बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात मी शहाद्याच्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. रंजना रनाळ्याहून एसटीने आली आणि बाकावर माझ्या शेजारी बसून राहिली. मी तिला बोलावले नव्हते. डॉक्टरबाईंनी सांगितले ते मी शिकवण्यासारखे सोपे करून इथे लिहिते. या वयात शरीरातली संप्रेरके सरळ उतरत जात नाहीत, ती वरखाली हेलकावे घेत उतरतात. शरीराचे तापमान, झोप आणि मनाचा तोल यांना त्या हेलकाव्यांचे धक्के बसतात. झोप तुटली की राग आवरण्याची शक्ती आणखी घटते. माझ्या रक्तात हिमोग्लोबिनही बरेच कमी निघाले. औषधे सुरू झाली, उपवास थांबले. रक्तस्राव जास्त होत असेल तर वयाचे आहे म्हणून सोडून देऊ नये, हेही त्यांनी बजावले. मला आता आगीची पहिली खूण ओळखता येते. ती छातीत पेटते न पेटते तोच मी बोलणे थांबवते. वर्गात असेन तर मुलींना वाचायला सांगून खिडकीशी जाते, पाणी पिते. घरी असेन तर सांगते, “मला राग येतो आहे, तो तुमच्यावर नाही, थोडा वेळ द्या.” आरंभी हे वाक्य पाठ म्हटल्यासारखे वाटे. यजमान अजूनही टीव्हीचा आवाज कमी करतात, पण आता पाण्याचा पेला घेऊन येतात आणि दारातच विचारतात, “काय पाहिजे?” राग पुरता गेलेला नाही. कधी कधी खूण ओळखायच्या आतच तो निसटतो, आणि मग दिवसभर मला शनिवारची ती ओसरी दिसते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी. रागाचे कारण शरीरात सापडले म्हणून ते शब्द माझे नव्हते, असे होत नाही. आग शरीराची होती. पण ती कुठे लावायची, हे माझ्या जिभेने निवडले होते. हा हिशेब औषधाने मिटत नाही. तो देवीच्या पायाशी ठेवून वाट पाहणे एवढेच माझ्या हाती आहे.

यंदाच्या श्रावणात आम्ही रनाळ्याला गेलो तेव्हा कानबाई एकच बसणार की दोन, हे मला ठाऊक नव्हते. विचारायची हिंमत झाली नाही. ओसरीत सुपे पसरलेली होती, दोन्ही घरांचे गहू एकाच पोत्यात होते. मी पाहिले आणि तिथेच बसले. मुठी घ्यायची वेळ आली. माझ्या घरच्या दोन झाल्या. रंजनाने दिरांच्या नावाची घेतली आणि ती हात झटकणार इतक्यात मी म्हणाले, “अजून एक घे.”

“कोना नावनी?” तिने विचारले.

“तुन्हा नावनी.”

बाया जिजींकडे पाहू लागल्या. बाईच्या नावाची मूठ आमच्याकडे कधी कोणी घेतली नव्हती. जिजी म्हणाल्या, “पोरी, तुले काय जोयजे? तू सांग.”

रंजनाने पोत्यात हात घातला, मूठ भरली आणि ती तशीच धरून बसली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, माझ्याबद्दल मायाही दिसत नव्हती. खूप वेळाने तिने मूठ परातीवर उघडली. गहू पडल्याचा आवाज झाला, आणि मग वरची पाव मूठही तिने मोजून टाकली.

तिने मला क्षमा केली आहे का, हे मला माहीत नाही. मी विचारणारही नाही. त्या सोमवारी अंगात देवी आली होती का, असे अजून कुणी मला विचारते, तेव्हा मी नाही म्हणते. पण देवीला विचारायचा प्रश्न त्या दिवशी तिने मला दिला, आणि माझे उत्तर ऐकायला रंजनाला दारात तांब्या घेऊन उभे केले, एवढे मी मानते. आता दिवा लावल्यावर मी उठत नाही. समोर बसते. जपाचा आकडा धरत नाही. जे जळते आहे ते तिला सांगते, जे हवे आहे ते सांगते, आणि बाकीचे तिच्यावर सोडून वात शांत होईपर्यंत बसून राहते.